वाचकांचे प्रश्न : दोनदा नोबेल मिळवणारे जॉन बार्डीन

गेल्या अंकात एका वाचकाने विचारले होते, की भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकाच व्यक्तीला दोनदा मिळाले आहे काय. जागेअभावी त्याला ‘होय, अमेरिकेचे जॉन बार्डीन यांना, १९५६ आणि १९७२ साली’ एवढेच उत्तर देता आले. त्या एका ओळीवर इतकी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर बार्डीन यांच्यासाठी राखून ठेवले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांचे प्रश्न खाली दिले आहेत.

प्रश्न : ‘सॉलिड स्टेट फिजिक्स’ म्हणजे नेमके काय? दगडधोंड्यांचा अभ्यास करून नोबेल मिळते का, असे माझ्या नातवाने विचारले आणि मी निरुत्तर झाले. बार्डीन या विषयाकडे कसे वळले? (एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : आपल्या नातवाची शंका एका फार मोठ्या माणसालाही होती. पुंजभौतिकीच्या (क्वांटम फिजिक्सच्या) शिल्पकारांपैकी एक असलेले वोल्फगांग पाउली यांनी या विषयाला ‘घाणीचे भौतिकशास्त्र’ म्हणून हिणवले होते. अर्धवाहकांच्या (परिस्थितीनुसार वीज वाहू देणाऱ्या किंवा न देणाऱ्या पदार्थांच्या) नादी कोणी लागू नये, तो सगळा चिखल आहे, असा सल्लाही त्यांनी १९३१ साली एका सहकाऱ्याला पत्रातून दिला होता. त्यांचा वैताग अगदीच अनाठायी नव्हता. एकट्या अणूचे गणित स्वच्छ असते. पण एक ग्रॅम तांब्यात एकावर बावीस शून्ये इतके, म्हणजे मोजण्याच्या पलीकडचे अणू एकमेकांना खेटून बसलेले असतात, त्यांचे इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत असतात आणि त्यात चिमूटभर अशुद्धी मिसळली तरी पदार्थाचा सगळा स्वभाव पालटतो. हा स्वभाव अणूंच्या रचनेवरून समजून घेणे, म्हणजे तांब्यातून वीज का वाहते, काचेतून का वाहत नाही आणि जर्मेनियमसारख्या पदार्थातून कधी वाहते व कधी वाहत नाही याचा छडा लावणे, हे घन-अवस्था भौतिकीचे काम. शाळेच्या पुस्तकातला ‘स्थायू’ हा शब्द आपल्या अधिक परिचयाचा असेल, अर्थ तोच.

बार्डीन या विषयाकडे सरळ वाटेने आले नाहीत. त्यांचा जन्म २३ मे १९०८ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे झाला. वडील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक आणि तेथील विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचे पहिले अधिष्ठाता होते. मुलाची गणितातील गती पाहून त्याला तिसरीतून एकदम सातवीत बसवण्यात आले. वयाची बारा वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास आई कर्करोगाने गेली, आणि पंधराव्या वर्षी हा मुलगा विद्यापीठात दाखल झाला. तेथे त्यांनी विद्युत अभियांत्रिकी निवडली, कारण तिच्यात गणित भरपूर होते आणि पुढे नोकरीची खात्री होती. पदव्युत्तर पदवीनंतर ते पिट्सबर्गला गल्फ या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. जमिनीवर केलेल्या चुंबकीय आणि गुरुत्वीय मोजमापांवरून खाली तेल कोठे असेल याचा अंदाज बांधणे हे त्यांचे तिथले काम होते.

१९३३ साल अमेरिकेतील महामंदीचे होते. लोक मिळेल ती नोकरी धरून बसले होते, आणि बार्डीन यांनी पक्की नोकरी सोडून गणित शिकण्यासाठी प्रिन्स्टनची वाट धरली. तेथे त्यांना यूजीन विग्नर हे मार्गदर्शक लाभले. विग्नर तेव्हा पुंजभौतिकीची नवी हत्यारे घन पदार्थांवर चालवून पाहत होते. बार्डीन यांच्या प्रबंधाचा प्रश्न असा होता, की धातूच्या आतला एक इलेक्ट्रॉन बाहेर ओढून काढायला किती ऊर्जा लागते. याचे उत्तर धातूच्या पोटात नसते, ते त्याच्या पृष्ठभागावर असते, आणि पृष्ठभाग हा फार किचकट प्रदेश आहे. दहा वर्षांनी हीच किचकट विद्या कामी आली, म्हणून तिचा येथे मुद्दाम उल्लेख करून ठेवतो.

प्रश्न : माझे इलेक्ट्रॉनिक उपकरणे दुरुस्त करण्याचे दुकान आहे. ट्रान्झिस्टर तिघांनी शोधला असे आम्ही शिकलो. परंतु शॉकली यांचा त्यात काहीच वाटा नव्हता आणि त्यांनी नाव मात्र लावून घेतले, असे अलीकडे वाचनात आले. खरे काय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : दोन्ही विधाने अर्धी खरी आहेत, आणि ती नीट जुळवायची तर घटनाक्रमच पाहावा लागेल. (इतर वाचकांसाठी : ट्रान्झिस्टर म्हणजे क्षीण विद्युत संकेत मोठा करणारे, अर्धवाहकाचे छोटेसे साधन.)

दुसरे महायुद्ध संपता संपता विल्यम शॉकली यांनी एक कल्पना मांडली. अर्धवाहकाच्या पातळ थराजवळ धातूची पट्टी ठेवून तिला विद्युत दाब दिला, तर थरातील इलेक्ट्रॉनांची संख्या कमीजास्त होईल आणि त्यातून वाहणारा प्रवाह बाहेरून नियंत्रित करता येईल, अशी ती कल्पना होती. गणित उत्तम होते, पण प्रयोगात परिणाम जवळजवळ दिसेना. याच सुमारास, १९४५ च्या ऑक्टोबरात, बार्डीन नौदलाच्या प्रयोगशाळेतील पाणसुरुंगांचे युद्धकालीन काम संपवून न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल लॅबोरेटरीज या दूरध्वनी कंपनीच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. शॉकली यांनी आपले गणित त्यांच्यापुढे ठेवले आणि चूक काढायला सांगितले. बार्डीन यांना चूक सापडली नाही. तेव्हा, गणित बरोबर असूनही निसर्ग तसे वागत नाही याला कारण काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला घातला.

१९४६ च्या मार्चमध्ये त्यांना उत्तर मिळाले. अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर काही इलेक्ट्रॉन अडकून पडतात; ते हलत नाहीत, पण बाहेरचे विद्युत क्षेत्र स्वतःच झेलतात आणि आत पोहोचू देत नाहीत. दारातच माणसे दाटून उभी राहिली की घरात काय चालले आहे ते बाहेरच्याला कळत नाही आणि बाहेरचे आतल्याला, तसाच हा प्रकार. गंमत अशी, की पृष्ठभागावरील अशा अवस्थांबद्दल खुद्द शॉकली यांनीच १९३९ साली लिहिले होते. मात्र आपल्या फसलेल्या प्रयोगाशी त्यांचा संबंध त्यांनी जोडला नाही.

पुढची दीड-पावणेदोन वर्षे या गटाने विवर्धक (संकेत मोठा करणारे साधन) बनवण्याची घाई न करता पृष्ठभागाचाच अभ्यास केला. प्रयोगाचा हात वॉल्टर ब्रॅटन यांचा आणि विचार बार्डीन यांचा, अशी ती जोडी होती. १७ नोव्हेंबर १९४७ रोजी ब्रॅटन यांच्या लक्षात आले, की नमुना विद्युत्-वाहक द्रवात बुडवला तर पृष्ठभागाची ती भिंत ढासळते. मग रोज नवा प्रयोग सुरू झाला. डिसेंबरच्या मध्यापर्यंत सिलिकॉनच्या जागी जर्मेनियम आले आणि द्रव गेला. एका प्रयोगात जर्मेनियमवर मुद्दाम चढवलेला ऑक्साइडचा थर नकळत धुऊन गेला आणि सोने थेट जर्मेनियमला टेकले. अपेक्षित परिणाम दिसला नाही, पण जो दिसला तो अधिक मोलाचा ठरला. आता विद्युत क्षेत्राने आतील इलेक्ट्रॉन हलवण्याचा प्रश्नच उरला नव्हता. टेकलेल्या धातूच्या एका टोकाकडून जर्मेनियममध्ये धन प्रभाराचे ‘होल’ (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) शिरत होते आणि दुसऱ्या टोकाशी वाहणारा प्रवाह बदलत होते. त्यासाठी दोन्ही टोके एकमेकांपासून मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी जवळ हवी होती. इतक्या बारीक तारा आणायच्या कोठून? ब्रॅटन यांनी प्लॅस्टिकच्या त्रिकोणी तुकड्याच्या कडेवर सोन्याचा वर्ख चिकटवला, टोकाशी पात्याने त्याला बारीक चीर पाडली आणि स्प्रिंगने तो तुकडा जर्मेनियमवर दाबून धरला. १६ डिसेंबर १९४७ रोजी या ओबडधोबड वस्तूने विवर्धन करून दाखवले आणि २३ डिसेंबरला वरिष्ठांसमोर तिच्यातून बोललेला आवाज मोठा होऊन ऐकू आला. त्या दिवशी शक्तीत १८ पटींच्या आसपास वाढ मिळत असल्याची नोंद आहे. दुरुस्तीच्या टेबलावर आयुष्य गेलेल्या आपल्यासारख्या वाचकाला ही जुळणी परकी वाटणार नाही.

म्हणजे पहिला, बिंदुस्पर्शी ट्रान्झिस्टर बार्डीन आणि ब्रॅटन यांचाच, आणि त्याच्या पेटंटवरही या दोघांचीच नावे आहेत. शॉकली यांना हे लागले. आपल्या मूळ कल्पनेवरच पेटंट घ्यावे असा त्यांचा आग्रह होता, पण तशाच कल्पनेचे पेटंट लिलिएनफेल्ड या संशोधकाने फार पूर्वी घेतलेले असल्याने वकिलांनी ती वाट टाळली. दुखावलेले शॉकली पुढचे काही आठवडे एकट्याने कागदावर बसले, आणि २३ जानेवारी १९४८ रोजी त्यांनी संधी-ट्रान्झिस्टरची (अर्धवाहकाच्या थरांच्या जोडांवर चालणाऱ्या ‘जंक्शन’ ट्रान्झिस्टरची) कल्पना नोंदवली. हा प्रकार अधिक टिकाऊ आणि बनवायला अधिक विश्वासार्ह होता, आणि १९५० च्या दशकात उद्योगाने आपलासा केला तो हाच. त्यामुळे ‘शॉकली यांचा काहीच वाटा नव्हता’ असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र प्रसिद्धीसाठी काढलेल्या त्या विख्यात छायाचित्रात ब्रॅटन यांच्या टेबलाशी, ब्रॅटन यांचे उपकरण पुढ्यात घेऊन शॉकली बसलेले आहेत आणि बाकीचे दोघे मागे उभे आहेत. त्या छायाचित्राचा ब्रॅटन यांना कायम राग होता, आणि तो मला रास्त वाटतो.

त्यानंतर गट फुटला. संधी-ट्रान्झिस्टरच्या कामातून शॉकली यांनी बार्डीन यांना दूरच ठेवले. बार्डीन भांडले नाहीत. आपण का जात आहोत ते त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवले आणि १९५१ मध्ये प्रिन्स्टनचे जुने मित्र फ्रेडरिक साइट्झ यांच्या आग्रहावरून ते इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शँपेन येथे, प्राध्यापक म्हणून गेले. पाच वर्षांनी स्टॉकहोममध्ये तिघांना एकत्र बोलावण्यात आले.

प्रश्न : ट्रान्झिस्टरच्या पेटंटमधून बार्डीन यांना किती पैसे मिळाले असतील? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : पेटंटवर नाव त्यांचे, पण हक्क कंपनीचा. बेलच्या नोकरीत लागलेल्या प्रत्येक शोधाला हाच नियम होता. १९५२ पासून बेलने इतर कंपन्यांना परवाने दिले. त्यासाठी २५ हजार डॉलर आगाऊ भरावे लागत. श्रवणयंत्र बनवणाऱ्यांना मात्र स्वामित्वशुल्क माफ होते, कारण कंपनीचे आद्यपुरुष अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी बधिरांच्या शिक्षणासाठी काम केले होते. ट्रान्झिस्टर लोकांच्या हाती प्रथम आला तो श्रवणयंत्रातून. रेडिओ १९५४ च्या अखेरीस आला. आपल्याकडे तर पुढे ‘ट्रान्झिस्टर’ हा शब्दच त्या छोट्या रेडिओला चिकटला, आणि शेताच्या बांधावर किंवा सायकलीच्या हँडलला तो अडकवणाऱ्या कितीतरी जणांना आतल्या ट्रान्झिस्टरचा पत्ता नव्हता. बार्डीन यांच्या अखेरच्या काळात जपानच्या सोनी कंपनीने त्यांच्या नावाच्या अध्यासनासाठी इलिनॉय विद्यापीठाला तीस लाख डॉलर दिले. ते पैसे विद्यापीठाचे. त्या अध्यासनावर प्रथम आलेले निक होलोनियाक हे बार्डीन यांचे इलिनॉयमधील पहिले विद्यार्थी, आणि १९६२ मध्ये लाल प्रकाशाचा एलईडी करून दाखवणारे तेच.

प्रश्न : मी एम. एस्सी.ला आहे. अभ्यासक्रमात ‘बीसीएस सिद्धांत’ दोन तासिकांत उरकला जातो. अतिवाहकतेचा शोध १९११ सालचा आणि तिचे स्पष्टीकरण १९५७ सालचे. मधली सेहेचाळीस वर्षे शास्त्रज्ञ काय करत होते, आणि बार्डीन यांनाच ते कसे जमले? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : आपला प्रश्न मला सर्वांत आवडला, म्हणून त्याला जागाही सर्वांत जास्त देतो.

मधल्या काळात शास्त्रज्ञ अपयशी होत होते, आणि ते साधेसुधे लोक नव्हते. हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी पारा ४.२ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला आणि त्याचा विद्युत रोध एकाएकी नाहीसा झालेला पाहिला. हीच अतिवाहकता. त्यानंतर आइन्स्टाइन, बोर, हायझेनबर्ग, लांडाउ, फाइनमन अशा मंडळींनी या कोड्यावर डोके लावले आणि सोडून दिले. फेलिक्स ब्लॉख तर थट्टेने म्हणत, की या विषयावर एकच प्रमेय सिद्ध करता येते : अतिवाहकतेचा कोणताही सिद्धांत खोटा ठरवता येतो.

बार्डीन यांनीही हात पोळून घेतले होते. मिनेसोटा विद्यापीठात असताना, १९४० च्या सुमारास, त्यांनी एक सिद्धांत उभा केला. तो चुकीचा होता, तरी इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत एक फट निर्माण होत असली पाहिजे ही त्यातील जाणीव खरी निघाली. मग युद्ध आले. पुढे १९५० च्या मे महिन्यात रट्गर्स विद्यापीठातील बर्नार्ड सेरिन यांनी त्यांना दूरध्वनीवर सांगितले, की पाऱ्याचा जड समस्थानिक घेतला तर अतिवाहकता किंचित कमी तापमानाला येते. वरवर पाहता ही क्षुल्लक बातमी. पण समस्थानिकांत इलेक्ट्रॉन तितकेच असतात आणि रासायनिक गुणही जवळजवळ तेच; बदलते ते केवळ अणूचे वजन. याचा अर्थ, स्फटिकातील अणूंचे थरथरणे या प्रकरणात गुंतलेले आहे. बार्डीन यांनी लगोलग त्यावर सिद्धांत मांडला. तोही टिकला नाही. त्याच वेळी फ्रोलिख यांनी स्वतंत्रपणे मांडलेलाही टिकला नाही. धागा मात्र हाती लागला होता.

अर्बानाला आल्यावर बार्डीन यांनी डेव्हिड पाइन्स यांच्यासह हे दाखवले, की विशिष्ट परिस्थितीत दोन इलेक्ट्रॉनांमधील अपकर्षणावर स्फटिकामार्फत होणारे आकर्षण मात करू शकते. त्यांना आता वेगळ्या प्रकारचे गणित येणारा माणूस हवा होता. म्हणून त्यांनी अमेरिकेच्या पूर्व भागात विचारणा केली, आणि भौतिकशास्त्रज्ञ चेन निंग यांग यांच्या शिफारशीवरून लिऑन कूपर हे तरुण संशोधक १९५५ मध्ये आले. त्यांना अतिवाहकतेची काहीच माहिती नव्हती. तिसरे रॉबर्ट श्रीफर हे बार्डीन यांचे विद्यार्थी. प्रबंधासाठी बार्डीन यांनी त्यांना दहा प्रश्नांची यादी दिली होती, आणि त्यातील दहावा, सर्वांत अवघड, त्यांनी उचलला.

१९५६ मध्ये कूपर यांनी दाखवले, की आकर्षण कितीही क्षीण असले तरी धातूतील दोन इलेक्ट्रॉन एकमेकांशी बांधले जातात. ही बांधणी अशी होते : एक इलेक्ट्रॉन स्फटिकातून जाताना आसपासच्या धन आयनांना किंचित आपल्याकडे ओढतो. आयन जड असल्याने जागेवर परतायला वेळ घेतात, तोवर इलेक्ट्रॉन दूर निघून गेलेला असतो आणि मागे धन प्रभाराची एक रेषा उरते. दुसरा इलेक्ट्रॉन तिच्याकडे खेचला जातो. आता ‘जोडी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेजारी शेजारी चालणारे दोघे येतात, आणि पाठ्यपुस्तकातील आकृत्याही तशाच असतात. तो समज आधी काढून टाका. या जोडीतील दोन इलेक्ट्रॉनांत शेकडो, कधी हजारो अणूंचे अंतर असते आणि मधल्या जागेत लक्षावधी इतर जोड्यांचे इलेक्ट्रॉन वावरत असतात. म्हणूनच एका जोडीचा हिशेब पुरेसा नव्हता. सगळ्या जोड्यांचे एकत्रित तरंगफलन, म्हणजे त्यांची अवस्था सांगणारे गणिती सूत्र, हवे होते, आणि तेथे गाडी अडली.

डिसेंबर १९५६ मध्ये बार्डीन पहिले नोबेल घ्यायला निघाले, तेव्हा कंटाळलेल्या श्रीफर यांनी विषय बदलू देण्याची विनंती केली. आणखी एक महिना थांबा, काहीतरी हाती लागेल, असे बार्डीन यांनी त्यांना सांगितले. जानेवारीच्या अखेरीस श्रीफर न्यूयॉर्कला एका परिषदेला गेले असता भुयारी रेल्वेत त्यांना ते तरंगफलन सुचले. त्याची मेख अशी, की जोड्यांची संख्या काटेकोर पक्की धरायची नाही, तर तिला सरासरीभोवती थोडे हलू द्यायचे. अर्बानाला परतून त्यांनी कागद बार्डीन यांच्यापुढे ठेवला. इथे बार्डीन यांची सगळी जुनी पुंजी कामाला आली. इतरांना तो केवळ एक सुंदर सूत्रांचा संच वाटला असता. बार्डीन यांना पंधरा-सोळा वर्षांच्या चुकांमुळे नेमके ठाऊक होते, की कोणत्या प्रयोगाचा कोणता आकडा त्यातून बाहेर पडायला हवा. काही दिवसांत ऊर्जेतील फट आणि संक्रमणाचे (अतिवाहकता सुरू होण्याचे) तापमान ही गणिते जुळू लागली. त्या दिवसांतली एक आठवण त्यांचे सहकारी चार्ल्स स्लिक्टर सांगत. बार्डीन यांनी त्यांना मार्गिकेत थांबवले, बराच वेळ नुसतेच उभे राहिले आणि मग म्हणाले, की आम्हाला अतिवाहकतेचा उलगडा झाला आहे असे वाटते. पुढे स्लिक्टर आणि हेबेल यांच्याच अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या प्रयोगाने सिद्धांताला सुरुवातीचा भक्कम आधार दिला.

छोटे टिपण वसंतात आणि सविस्तर निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या १ डिसेंबर १९५७ च्या अंकात प्रसिद्ध झाला. रोध का नाहीसा होतो, याचे त्यातून निघणारे उत्तर थोडक्यात असे. लेझमीच्या मोठ्या पथकात सगळे एका ठेक्यात असताना एकट्याचाच पाय भलतीकडे पडणे अवघड असते. त्याचप्रमाणे सगळ्या जोड्या एकाच अवस्थेत बांधल्या गेल्यावर एखाद्या अडथळ्यावर आपटून एकच इलेक्ट्रॉन भरकटवायचा, तर जोडी तोडण्याइतकी किमान ऊर्जा द्यावी लागते, आणि इतक्या थंडीत ती मिळत नाही. (उपमा इथपर्यंतच ताणावी, लेझमीतला गडी दमतो, हा प्रवाह दमत नाही.)

मार्च १९५७ मध्ये फिलाडेल्फियाच्या सभेत हे काम पहिल्यांदा जाहीर व्हायचे होते. बार्डीन स्वतः गेले नाहीत. आपण उभे राहिलो तर सगळे आपलेच नाव घेतील, तेव्हा तरुणांनी बोलावे, अशी त्यांची इच्छा होती. आपले नाव मागे कसे पडते हे बेलमध्ये अनुभवलेल्या माणसाने असे वागावे, हे मला त्यांच्या दोन्ही नोबेलांपेक्षा मोठे वाटते. १९७२ चे पारितोषिक तिघांना मिळाले, आणि सिद्धांत आजही बार्डीन, कूपर, श्रीफर या तिघांच्या आद्याक्षरांनी, बीसीएस म्हणून, ओळखला जातो.

प्रश्न : इतका मोठा माणूस कधी चुकलाच नाही का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : चुकला, आणि जाहीरपणे. १९६२ मध्ये केंब्रिजमधील बावीस वर्षांचे संशोधक विद्यार्थी ब्रायन जोसेफसन यांनी भाकीत केले, की दोन अतिवाहकांमध्ये विद्युतरोधकाचा अतिशय पातळ पडदा ठेवला तर इलेक्ट्रॉनांच्या जोड्या त्यातून आरपार जातील आणि कोणताही विद्युत दाब न देता प्रवाह वाहील. बार्डीन यांनी हे शक्य नसल्याचे छापून टाकले. जोडी पडद्याच्या आत टिकूच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनच्या परिषदेत दोघे समोरासमोर आले : एकीकडे जोडीच्या सिद्धांताचे जनक आणि दुसरीकडे तो सिद्धांत त्यांच्यापेक्षा पुढे नेणारा विद्यार्थी. १९६३ च्या आरंभी बेल लॅबोरेटरीजमध्ये अँडरसन आणि रोवेल यांच्या प्रयोगात तो प्रवाह दिसला, आणि बार्डीन यांनी आपला आक्षेप मागे घेतला. जोसेफसन यांना १९७३ चे नोबेल मिळाले.

उतारवयात, काही स्फटिकांमधील विद्युत प्रभाराच्या लाटांबद्दल त्यांनी एक पुंजयांत्रिक स्पष्टीकरण धरून ठेवले होते, आणि क्षेत्रातील बहुसंख्यांना ते पटले नाही. तेथे मात्र त्यांनी माघार घेतली नाही.

प्रश्न : माझी मुलगी अर्बानाला अभियांत्रिकी शिकते. तिच्या रोजच्या वाटेवर ‘बार्डीन क्वाड’ नावाचे हिरवे पटांगण आहे. हे गृहस्थ माणूस म्हणून कसे होते? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अबोल. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘कुजबुजणारा जॉन’ म्हणत, कारण वर्गात त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नसे आणि प्रश्न विचारला की उत्तराआधी लांबलचक शांतता पसरे. त्या शांततेला घाबरून कित्येक जण दुसरा प्रश्न विचारून मोकळे होत, आणि पहिल्याचे उत्तर हुकत. गोल्फचे त्यांना वेड होते. मैदानावर वर्षानुवर्षे सोबत खेळणाऱ्यांपैकी काहींना हा मनुष्य पोटासाठी काय करतो याची कल्पना नव्हती, असे सांगतात.

पहिल्या नोबेलची बातमी १ नोव्हेंबर १९५६ रोजी रेडिओवर आली, तेव्हा ते न्याहारीसाठी अंडी परतत होते. हातातला तवा खाली पडला. स्टॉकहोमला जाताना त्यांनी तीनपैकी एकाच मुलाला नेले होते, थोरले शिक्षणात व्यग्र म्हणून. त्यावर राजे सहावे गुस्ताव अडॉल्फ यांनी लटका राग दाखवला, आणि पुढच्या वेळी सर्वांना आणीन असे बार्डीन यांनी त्यांना सांगितले. १९७२ मध्ये त्यांनी खरोखरच तिन्ही मुलांना नेले. थोरले दोन्ही मुलगे भौतिकशास्त्रज्ञ झाले. थोरले जेम्स कृष्णविवरांच्या अभ्यासासाठी ओळखले जातात, आणि मुलगी एलिझाबेथ हिने भौतिकशास्त्रज्ञाशी लग्न केले. त्याच दुसऱ्या पारितोषिकाची बातमी आली त्या दिवशी घरच्या गॅरेजचे दार उघडणारे ट्रान्झिस्टरचे यंत्र बिघडले आणि त्यांना उशीर झाला, ही कथा अर्बानात अजून सांगितली जाते.

सरकारला सल्ला देण्याचे कामही त्यांनी केले. १९८० च्या दशकात अध्यक्ष रेगन यांच्या विज्ञान सल्लागार मंडळावर असताना अंतराळातील क्षेपणास्त्र-विरोधी योजना मंडळाला न विचारता जाहीर झाली, तेव्हा ते त्यातून बाहेर पडले आणि त्या योजनेविरुद्ध त्यांनी उघडपणे लिहिले. कुजबुजणाऱ्या जॉनचा आवाज त्या वेळी दूरवर गेला. ३० जानेवारी १९९१ रोजी बोस्टन येथे वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

प्रश्न : बार्डीन यांच्या सिद्धांताने अतिवाहकतेचा विषय संपला, असे समजावे का? आपल्याकडे या विषयावर काही काम होते का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : शिसे, ॲल्युमिनियम, पारा अशा साध्या धातूंपुरता तो पुष्कळसा संपला, आणि रुग्णालयातील एमआरआय यंत्रांचे चुंबक ज्या निओबियम-टायटॅनियमच्या तारांचे असतात त्यांचा उलगडाही याच सिद्धांताने होतो. पण १९८६ मध्ये झुरिकजवळ बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांत अनपेक्षितपणे जास्त तापमानाची अतिवाहकता सापडली, आणि पुढच्याच वर्षी ९३ केल्व्हिनचा पदार्थ हाती आला, म्हणजे द्रव नायट्रोजनने थंड करून भागेल इतके हे तापमान होते. तेथेही इलेक्ट्रॉन जोड्यांनीच चालतात. मात्र त्यांना जोडणारे स्फटिकाचे थरथरणे नव्हे, दुसरे काहीतरी असावे असे बहुतेकांना वाटते, आणि ते काय, यावर आजही एकमत नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कुलाब्यात आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन यांच्या गटाने बिस्मथचा अतिशुद्ध एकस्फटिक निरपेक्ष शून्याच्या (सर्वांत नीच शक्य तापमानाच्या, सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या) अगदी लगत, ०.०००५३ केल्व्हिनपर्यंत थंड केला आणि साध्या दाबाखाली तो अतिवाहक झालेला पाहिला. हे काम २०१७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आले. बिस्मथ हा बार्डीन यांच्या सिद्धांताला न मानवणारा पदार्थ आहे. तांब्यात प्रत्येक अणूमागे एक इलेक्ट्रॉन मोकळा फिरतो. बिस्मथमध्ये सुमारे एक लाख अणूंमागे एक. इतक्या विरळ वस्तीत नेहमीच्या पद्धतीने जोड्या जमल्या, तर त्या मोजता येण्याजोग्या तापमानाला जमू नयेत असे गणित सांगते, आणि कुलाब्याच्या शीतकपाटात त्या जमल्या. त्या कशा जमतात, यावर वेगवेगळ्या देशांतून सैद्धांतिक निबंध येत आहेत.